दूध तुटायच्या आधी

“आन् दसऱ्यानंतर तुमी गेल्यावर त्या पिल्लाला कोण बघायचं?”

करिष्माने हे विचारलं तेव्हा तिच्या स्वरात राग नव्हता, रुसवाही नव्हता. बाजारातून काय आणायचं हे विचारावं इतक्या सहज तिने विचारलं... आणि म्हणूनच तो प्रश्न काठवटीसमोर बसलेल्या मंजुळाबाईच्या काळजात खोल रुतला. भाकरी थापणारा तिचा हात जागीच थांबला. तव्यावरची भाकर करपल्याचा वास घरभर पसरला, तरी ती उलटायचं भान तिला राहिलं नाही.

“मी न्हाई जाणार आवंदा,” ती हळूच म्हणाली. “तुला सांगितलं ना मी.”

“हां, सांगितलंस की,” करिष्मा म्हणाली, आणि कुंपणाची भोकं बुजवायला काट्याची फांदी ओढत परसात निघून गेली.

तिचा विश्वास बसला नव्हता. का बसावा? वडवणीपासून आत, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या त्या वस्तीवरची निम्मी घरं दसरा झाला की कुलपं लावून ऊस तोडायला दूरदेशी जात आणि पार उन्हं तापल्यावर परतत. मंजुळाबाई आणि तिचा नवरा शहादेव हेही त्यांतलेच. लग्न झाल्यापासून एकही हंगाम त्यांनी चुकवला नव्हता, आणि करिष्मा अंगावर पिणारी होती तेव्हापासून ती आजीजवळ, छबुबाईजवळ राहिली होती. आजीनेच तिला चालायला शिकवलं, आजीनेच तिला शाळेत घातलं, आजीनेच तिच्या केसांतल्या उवा काढल्या. आई-बाप म्हणजे उन्हाळ्यात येणारे, खाऊ आणणारे, रापलेल्या चेहऱ्यांचे पाहुणे!

गेल्या उन्हाळ्यात छबुबाई गेली. त्या दिवशी सगळी वस्ती जमली असताना पोर आईच्या गळ्यात पडली नाही. शेजारच्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मंजुळाबाई दोन हात पसरून तशीच उभी राहिली होती... आणि तिथंच, त्या भरल्या अंगणात, तिने मनाशी ठरवलं होतं, की आता कोयता हातात धरायचा नाही. शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम तिने धरलं. शहादेवने कडा गावच्या साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचं ठरवलं, म्हणजे त्यालाही अधूनमधून घरी येता येणार होतं. सगळं झालं. पण पंधरा वर्षांची ती पोर घरात असून घरात नव्हती. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची, सांगितलं ते काम करायची आणि आजीच्या वाकळेवर भिंतीकडे तोंड करून निजायची.

आणि पोळा झाल्यावर एके दिवशी ती आपणहून बोलली होती. ओढ्यापलीकडच्या तुळजाबाईच्या मैना कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातलं एक तिला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा लेकीने आईकडे काही मागितलं होतं! मंजुळाबाईचं सारं अंतःकरण त्या शब्दांभोवती गोळा झालं.

पण करिष्माची तऱ्हा निराळी. इतर पोरं पिल्लू दिसलं की उचलून आणतात, गळ्यात सुतळी बांधतात आणि चार दिवसांनी विसरतात. ही आधी वडवणीला जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारून आली. पिल्लाला जंताचं औषध कधी, पहिली लस कधी, पिसाळण्याची सुई कधी, काय खायला द्यायचं आणि काय चुकूनही नाही, सगळं तिने डोक्यात भरून आणलं. हौदावर झाकण घातलं. दाराआडच्या सावलीत गोणपाट अंथरलं, पाण्याला पसरट भांडं ठेवलं. संध्याकाळी आई-बापांना समोर बसवून तिने बजावलं,

“दोन महिन्याचं होऊस्तोर आणायचं न्हाई. आईचं दूध प्यायल्याबिगर ते धड जगत न्हाई, अन् भावंडांत ऱ्हायल्याबिगर शहाणं व्हत न्हाई. आन् आणल्यावर पहिल्या पहिल्यांदा एकटं ठिवायचं न्हाई. लई भेतं ते. मी शाळेत आसताना कुणीतरी घरी पायजे.”

“माझं काम दुपारपर्यंतच हाय,” मंजुळाबाई लगबगीने म्हणाली. “मी राहीन की.”

“सोडून जायाचं आसंल तर आणायचंच न्हाई,” करिष्मा म्हणाली. “मुक्या जिवाला सांगता येत न्हाई, की आमी परत येणार हाव म्हून.”

शहादेव खाली मान घालून पायाचं नख कुरतडत बसला. मंजुळाबाई चुलीकडे वळली, आणि ओल्या सरपणाच्या धुराचं निमित्त तिला बरं झालं. पोर कुत्र्याच्या पिल्लाविषयी बोलत होती. खरंच, फक्त त्याच्याविषयीच बोलत होती! पण तिचा एकेक शब्द आईच्या मस्तकावर दगडासारखा पडत होता. डॉक्टरांना जाऊन विचारण्याइतकी काळजी या लेकराने कुत्र्याची केली, आणि आपण? आपण पोटच्या गोळ्याची केली का?

अपराधी माणसाला घाई फार असते. मंजुळाबाईचंही तसंच झालं. शाळेत खिचडीची भांडी घासताना तिच्या कानावर आलं, की मैनाच्या पिल्लांना गिऱ्हाइकं लागलीत, एकदोन गेलीसुद्धा. करिष्माने हेरलेलं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं पिल्लू दुसऱ्याच कुणी नेलं तर? या घरात पोरीने मागितलेली पहिली वस्तूही तिला मिळू नये?... काम आवरून ती तशीच ओढा ओलांडून गेली. तुळजाबाई रानात खुरपायला गेली होती. तिचा लेक लखन ओट्यावर बसला होता. “न्या की काकू, तसंबी मैनाला आता आवरत न्हाईत,” म्हणत त्याने कुत्रीला गोठ्यात कोंडलं आणि पिल्लू उचलून दिलं. पदरात गुंडाळलेला तो ऊबदार जीव छातीशी धरून मंजुळाबाई घराकडे निघाली तेव्हा सोयाबीनच्या बांधावरून ती जवळजवळ धावतच होती. गोठ्यातून मैनाचं भुंकणं मागे ऐकू येत होतं. तिने वळून पाहिलं नाही.

करिष्मा शाळेतून आली. दारातच तिला पिल्लू दिसलं आणि क्षणभर, एकच क्षण, तिचा चेहरा असा उजळला की मंजुळाबाईला वाटलं, झालं, देवाने पदरात घातलं... पण लगेच तो चेहरा उतरला. पोरीने दप्तर खाली टाकलं, पिल्लाला उचलून त्याच्या तोंडात बोट घालून बघितलं. पिल्लू ते बोट चोखू लागलं.

“हे अजून पीतंय,” करिष्मा म्हणाली. “महिन्याचं बी झालं नसंल. कुणी आणायला सांगितलं?”

“लोक न्यायलेत गं. मला वाटलं, तुझं पिल्लू...”

“मी सांगितलं व्हतं.”

“मी दूध पाजते की त्याला. बघ, वाटीत ठिवलंय. शिकंल हळूहळू...”

वाटीतल्या दुधाला पिल्लाने तोंड लावलं नव्हतं. ते गोणपाटावर थरथरत होतं आणि मान वर करून बारीक, सुकल्या आवाजात रडत होतं. करिष्मा त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने मान वर केली, आणि इतकी वर्षं तिच्या आत जे साठून राहिलं होतं ते अगदी थंडपणे बाहेर आलं.

“तुला सोडून ऱ्हाता येतं. म्हून तुला वाटतं, समद्यानलाच येतं.”



“करिष्मे!” शहादेव बाजेवरून उठला. “आईला आसं बोलतेत का?”

“बोलू द्या तिला,” मंजुळाबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “खोटं काय बोलली ती? चुकलंच माझं.”

तिने पिल्लू उचललं, पुन्हा पदरात घेतलं आणि ती बाहेर पडली. उन्हं कलली होती. ओढ्याच्या वाटेवर चिखल होता. चपला हातात घेऊन ती चालत राहिली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या पण त्या पुसायला हात मोकळा नव्हता... मागे कुणाची तरी पावलं वाजत होती. करिष्मा येत होती, पिल्लाच्या काळजीने. दोघींत दहा-बारा हातांचं अंतर होतं. ते तिने शेवटपर्यंत कमी होऊ दिलं नाही.

तुळजाबाई दारातच भेटली. “आणलंस व्हय बाई परत! लखनला लई बोलले मी. दुपारधरनं मैनानं तुकडा खाल्ला न्हाई बघ. गोठ्यातून सोडली तसं समदं घर हुंगत फिरायली.”

पिल्लू जमिनीवर टेकवताच मैना झेपावत आली. तिने त्याला पालथं केलं, उलथं केलं, नाकापासून शेपटीपर्यंत चाटून काढलं आणि तिथंच अंगणाच्या मातीत आडवी झाली. पिल्लू धडपडत तिच्या पोटाला जाऊन भिडलं. दुधाने तटतटलेल्या त्या पोटाकडे पाहता पाहता मंजुळाबाईने झटकन तोंड फिरवलं.

तुळजाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. ती एकेकाळी मंजुळाबाईच्याच टोळीत होती. एकाच फडावर दोघींनी ऊस तोडला होता.

“तुला आठवलं ना गं?” ती म्हणाली.

“राहू द्या जिजी. जुनं झालं ते.”

“कावून ऱ्हाऊ द्या? पोर मोठी झाली आता.” तुळजाबाई करिष्माकडे वळली. “तुला ठावं हाय का, तू कशी माघारी आलतीस ते?”

“मी आजारी पडले म्हून आजी घिऊन आली,” करिष्मा म्हणाली. “आजीच सांगायची.”

“व्हय. पाचटाच्या कोपीत, फडावरच्या त्या झोपडीत, थंडीनं तुझी छाती भरली. डाक्टर म्हनला, हिला हितं ठिवताल तर जगायची न्हाई. तुझी आजी आली अन् तुला घिऊन गेली. हंगाम अर्ध्यात टाकून तुझ्या आईला येता येईना. अगं, तू दूध पीत व्हतीस तवा... तू गेलीस, पर दूध कुठं जातंय? ऊस तोडता तोडता हिची चोळी भिजायची. बाजूच्या कोपीतलं लेकरू रडलं, की हिला पान्हा फुटायचा. मंग ही फडात आत जायची आन् मातीत दूध पिळून यायची. ताप चढायचा अंगात, गाठी व्हायच्या. मी बघितलंय ते. कुणाला सांगू नका म्हनायची.”

अंगणात फक्त पिल्लाचा चुटूचुटू आवाज येत होता.

करिष्मा मैनापाशी उकिडवी बसली. मग आईकडे न बघताच तिने विचारलं, “मला कावून न्हाई सांगितलंस?”

“सांगून काय झालं आसतं?” मंजुळाबाई म्हणाली. “मातीत गेलेल्या दुधानं तुझं पोट भरलं आसतं का? माझं दुखलं म्हून तुझं दुखणं कमी होत न्हाई, बाई. तू थोडी मोठी झाल्यावर बी मी जातच ऱ्हायले. दरसाली वाटायचं, हिला तिथं न्यावं, आन् दरसाली ती कोपी डोळ्याम्होरं यायची. शाळा बी व्हती तुझी... पर तुला कोण सांगणार व्हतं, की आमी परत येणार हाव म्हून? ते तू परवा बोललीस, तवा मला कळलं. इतक्या उशिरा कळलं.”

करिष्मा आईच्या गळ्यात पडली नाही. अशा गोष्टी एका संध्याकाळीत भरून येत नसतात. पण परतताना ओढ्यापाशी, जिथं दगडांवरून पाय घसरतो तिथं, ती पुढे होऊन थांबली आणि मागे न वळता तिने हात मागे केला. मंजुळाबाईने तो धरला. ओढा ओलांडून झाल्यावर तो हात सुटेल या भीतीने तिने पकड सैल केली, तर पोरीनेच बोटं आवळली.

त्यानंतर दर चार-आठ दिवसांनी दोघी मिळून पिल्लाला बघायला जाऊ लागल्या. वाटेने जाताना करिष्मा विचारायची. कोपी कशी असते, तिथं पाणी कुठून आणतात, थंडी किती पडते... आणि मंजुळाबाई सांगायची, काही न लपवता, स्वतःची बाजू न घेता.

दसरा झाला, दोन महिने भरले आणि पिल्लू घरी आलं. लखन स्वतः मैनाला घेऊन ओढ्यापर्यंत सोडायला आला होता. दवाखान्यात जाऊन पहिली लस झाली. करिष्माने मोठ्या मायेने त्याचं नाव ठेवलं, गब्रू. मंजुळाबाई घरी असली, की तो तिच्या मागे मागे फिरायचा, तिच्या लुगड्याच्या काठाला लोंबकळायचा. कुणी नजरेआड झालं, की केविलवाणा रडायचा. म्हणून शाळेची खिचडी आवरली, की ती धावतपळत घरी यायची.

एके दिवशी ती अशीच येऊन, त्याला कुशीत घेऊन, घटकाभर जमिनीवर कलंडली होती. डोळा लागला. धाडकन दार उघडल्याच्या आवाजाने तिला जाग आली. दारात करिष्मा उभी होती. शाळा सुटायला अजून अवकाश होता. दप्तर नव्हतं, पायात एकच चप्पल होती, आणि ऊर असा धपापत होता, की तिला बोलता येईना.

“काय झालं गं? का पळत आलीस?”

“काय न्हाई... आसंच.”

“अगं पण...”

“वर्गाच्या खिडकीतून दिसलं,” पोरगी म्हणाली. “वस्तीवरची गाडी चाललीय ऊसतोडीला. समदी बसलीत तिच्यात. मला वाटलं...”

पंधरा वर्षांची ती शहाणी, धीट पोर उंबऱ्यावरच मटकन बसली आणि लहान लेकरागत हुंदके देऊ लागली.

मंजुळाबाई उठली. इतक्या दिवसांनंतरही पोरीच्या मनात हे भय जागं होतं आणि ते आपणच तिथं पेरलं होतं, या जाणिवेने तिचं काळीज पुन्हा एकदा चरचरलं. ते चरचरणं आता जन्मभर सोबत असणार होतं, हे तिला ठाऊक होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तिने लेकीला उचलून घेतल्यासारखं छातीशी धरलं. यावेळी ती पोर आपण होऊन तिच्या कुशीत शिरली.

दूर डांबरी रस्त्यावरून गाडीचा भोंगा ऐकू आला, मग विरत विरत नाहीसा झाला.

“गेली गाडी,” मंजुळाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. “मी हाय हितं.”