लवू परबची शेवटची नोंद

पंच्याऐंशी साली विक्रोळीच्या त्या कारखान्यात संगणक आला आणि कामगारांच्या बदल्यांची नोंद रत्नप्रभेकडे आली. माणसाचं खातं बदललं की त्याच्या नावाखाली नवी ओळ चढायची. जुन्या तशाच राहायच्या. सगळ्यांत अलीकडची ओळ मागितली की तो आज कुठे आहे ते कळायचं.

लवू परब प्रेसखाली सापडून मेला, त्याला अकरा दिवस झाले होते. त्या दुपारी त्याची बायको शेवंती फाटकावर रत्नप्रभेची वाट बघत उभी होती.

"सायब म्हणता, आदल्या दिशीच गोदामात बदली झालेली, प्रेसवर तो आपल्या मर्जीन गेलो, म्हणान भरपाई नाय. खोटा हा ता! बाय, तू बघ."

रत्नप्रभेने वर जाऊन लवूची शेवटची नोंद मागितली. गोदाम. ही ओळ तिने चढवलीच नव्हती. तिच्या मस्तकात तिडीक गेली. छापून घ्यावी म्हणून तिने पुन्हा मागितली.

प्रेस खाते. तारीख आजची. वेळ तीन वाजून दोन मिनिटं.

"काय चाललंय?" मागून मॅनेजर श्यामसुंदर साहेबांचा आवाज आला.

"मेलेल्या माणसाची बदली तुम्ही केलीत, साहेब?"

"जास्त बोलू नकोस!" त्यांनी तिला बाजूला सारून ती ओळ स्वतः पुसली आणि खात्री करायला परत मागितली.

जिना. तीन वाजून पाच.

त्यांनी तीही पुसली. बाहेर लोखंडी पायऱ्यांवर जड बूट वाजत होते... सावकाश. एअरकंडिशनच्या गारठ्यात जळक्या तेलाचा वास शिरला.

संगणक कक्ष. तीन वाजून सहा.

"बंद कर ते... बंद कर..."

"नाही करणार," रत्नप्रभा म्हणाली. तिचा राग भीतीपेक्षा मोठा होता. "पुसा ना आता. पुसा!"

साहेब धावत आपल्या केबिनमध्ये गेले. आतून कडी लागली.

तिने लवूच्या सगळ्या नोंदी छापायला लावल्या. प्रिंटर करकरत शेवटच्या ओळीवर आला: फाटक.

कागद फाडून ती खाली धावली. गजांपलीकडे शेवंती एकटीच उभी होती. कागद घेतानाही तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

बाजूच्या चौकीत नव्याने लागलेल्या दादू वॉचमनने साहेबांच्या केबिनला फोन लावला. बाहेर एकदा नीट पाहिलं.

"साहेब, तुम्हाला भेटायला आलेत," तो म्हणाला. "नवरा-बायको आहेत. सोडू का वर?"