सहाव्या भागातली पावलं

"पापड नव्हते ते. भजी होती. कांद्याची."

मागून कुणीतरी इतक्या शांतपणे म्हणालं, की मी बोलता बोलता थांबले. फोन हातात, रेकॉर्डिंग चालू.

मुलुंडच्या एका थिएटरबाहेरच्या पायऱ्यांवर बसून मी नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाची सालं काढत होते. हिरोईन दीड तास पावसात रडते आणि केसांची एक बट ओली होत नाही. चाळीतलं घर एवढं मोठं, की आत बॅडमिंटन खेळावं. आणि तो पाऊस... पाऊस आहे की शेजारी कुणी पापड तळतंय? हे म्हटलं आणि मागून ही दुरुस्ती आली.

वळून पाहिलं. उंच, सावळा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून बायकांची एक उंच टाचेची चप्पल डोकावत होती.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच तळली होती. माइक कढईवर धरून." तो संकोचून हसला. "खरा पाऊस माइकमध्ये नुसता खरखरतो. भजी टाकली की मात्र पाऊस पडतो. नंतर खाल्ली आम्ही... चांगली झाली होती."

मला रागवायचं होतं. माझी रील मध्येच तोडली होती त्याने. पण हसूच आलं.

त्याचं नाव प्रबुद्ध. राहायला गोवंडीला, कामाला अंधेरीला. पडद्यावर कुणी चालतं, चहा ढवळतं, साडी सावरतं, तेव्हाचे आवाज शूटिंगच्या गोंगाटात वाहून जातात. ते सगळे हा नंतर एका अंधाऱ्या खोलीत पडदा बघत हातापायांनी पुन्हा करतो. त्याला फोली म्हणतात. हिरोईनच्या टाचासुद्धा हाच घालतो. दहा नंबरच्या चपला खास करून घेतल्यात म्हणे.

मी तेजल. साकीनाक्याला एका स्विच बनवणाऱ्या युनिटमध्ये माल तपासते. स्विच दाबायचा, कानाशी धरायचा. टक् खरा वाजला तर पुढे, खोटा वाजला तर लाल टोपलीत. सहा वर्षं हेच करून माझा कान असा झालाय, की माणूस खोटं बोलला तरी मला आधी आवाजात कळतं. म्हणून माझ्या चॅनेलचं नावही 'लाल टोपली'. सिनेमे आणि सिरीज पाहायच्या, खोट्या वाजल्या की टोपलीत टाकायच्या. मला कुणी शिकवलं नाही, मी कुणाच्या ओळखीपाळखीने आले नाही, म्हणून कुणाला घाबरतही नाही. हजारो लोक ऐकतात. शिव्या देतात, पण ऐकतात.

एक गोष्ट त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नाही. मी कायम बसूनच का बोलते, ती.

नऊ वर्षांची असताना असल्फाच्या टेकडीवरच्या आमच्या पायऱ्यांवरून घसरले होते. उजवा घोटा जुळला, पण तिरका. तेव्हापासून एक पाय पडतो आणि दुसरा किंचित ओढला जातो. लंगडणं म्हणावं एवढंही नाही... पण कॅमेऱ्याला दिसलं असतं. मग लोकांनी सिनेमाबद्दल बोलायचं सोडून माझ्या पायाबद्दल बोलणं सुरू केलं असतं. मी या लोकांना ओळखते.

त्या पायाचा फायदा एकट्या आईला. आमच्याकडे वर यायला एकशे बारा पायऱ्या. साठाव्या पायरीच्या आसपास आईला घरात माझी चाहूल लागते आणि ती तव्यावर भाकरी टाकते. आत पाऊल ठेवते तेव्हा भाकरी फुगलेली असते. कधी चुकली नाही.

त्या रीलमध्ये मी प्रबुद्धचा आवाज तसाच ठेवला. लोकांना भजीवाला आवडला. आठवड्याभराने त्याचा मेसेज: पाऊस बघायला येतेस का?

गेले. स्टुडिओत शिरले आणि दार बंद झालं, तसं अंधेरी नावाचं काही जगात उरलंच नाही. हॉर्न नाही, मेट्रोच्या कामाचा धडधडाट नाही... जमिनीवर चौकटी—एकीत वाळू, एकीत खडी, एकीत शहाबादी फरशी, एकीत सुकी पानं. भिंतीला टांगलेल्या पन्नासेक चपला, बूट, कोल्हापुरी, बंबातून काढल्यासारख्या काळ्या झालेल्या मोजड्या. तो म्हणाला, डोळे मीट. मग कुठेतरी कबुतर उडालं. शेकोटी पेटली. माझ्या अगदी कानाजवळून एक बाई रेशमी साडी सावरत निघून गेली... डोळे उघडले तर समोर हातमोजे, एक प्लास्टिकची पिशवी आणि त्याच्या आईचा जुना पदर.

"खोटारडा आहेस तू," मी म्हटलं.

"हो. पण पगारी."

मग भेटत राहिलो. साकीनाक्याच्या नाक्यावर कटिंग, घाटकोपर स्टेशनच्या पुलावर वाद. प्रत्येक सिरीज प्रेतापासूनच का सुरू होते आणि लगेच 'तीन महिन्यांपूर्वी' का जाते? मुलगी नाही म्हणाली तरी तिच्या मागे फिरणाऱ्याला अजून हिरो का म्हणतात? घरकाम करणारी बाई मराठीच का, आणि तिला कधी आडनाव का नसतं? त्याचा राग वेगळाच होता. तो म्हणे, गोवंडी दाखवायची असली की हे पहिल्यांदा सुरा काढतात. मला सुरा म्यानातून काढतानाचा आवाज करायला सांगतात. माझ्या गल्लीत सकाळी कुकरच्या शिट्ट्या आणि पोरांचे पाढे ऐकू येतात, ते कुणाला नको असतं.

तो हळू बोलायचा. मी भांडायची. आणि मध्येच तो गप्प होऊन मान थोडी कलती करायचा, काहीतरी ऐकत असल्यासारखा. मी विचारायची, काय झालं? काही नाही, म्हणायचा. तू चाल ना पुढे.

मला वाटायचं, हा कोण मागे राहणारा माणूस... बरोबरीने चालता येत नाही का याला?

दिवाळीच्या आधी त्याची सिरीज आली. आठ भागांची. सगळा आवाज एकट्याने केलेली पहिलीच. त्याने पुलावर उभं राहून सांगितलं, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"मी ओळख धरत नाही हं," मी म्हटलं. "खोटं वाजलं तर टोपलीत. तुझं असलं तरी."

"म्हणून तर सांगतोय. तू गोड बोललीस तर मला कळेल ना." मग थांबून, पुलाच्या कठड्याकडे बघत... "सहावा भाग नीट ऐक. बघू नकोस. ऐक."

मी ऐकला. इअरफोन लावून, युनिटमध्ये स्विच ऐकते तसा. सिरीज टुकार होती. श्रीमंत मुलगी, बंगला, नवऱ्याचं लफडं, गोष्टीचा पत्ता नाही. आवाज मात्र सुरेख. आणि सहाव्या भागात ती मुलगी मध्यरात्री संगमरवरी जिना उतरते. राजहंसासारखी उतरते... आणि आवाज? एक पाऊल पडतं, दुसरं घासतं.

टक् खोटा वाजला. मी खोटं बोलत नाही. प्रेमात असले तरी नाही—आणि हो, होते मी, तेवढं मला कळत होतं. म्हणून तर जास्त कडक बोलले. पाय पोटाशी घेऊन, नेहमीसारखी बसून. सगळा आवाज पास, म्हटलं, पण सहाव्या भागातला जिना रिजेक्ट. बाई दिसते राजकन्या आणि वाजते रेशनच्या रांगेतून पाय ओढत आल्यासारखी. कुणाची फरफटणारी पावलं चिकटवलीत तिला?

लोक हसले. खूप हसले.

प्रबुद्धचा मेसेज आला नाही. एक दिवस, दोन, चार. मी चिडले. म्हटलं, हाही तसलाच निघाला. तोंडाने 'खरं बोल', आणि बोललं की फुगून बसायचं. पाचव्या दिवशी माझा राग पुरेना. कामावर दोन खोटे स्विच मी पास केले... सहा वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी दुपारी पोटमाळ्यावर पडून मी तो भाग पुन्हा लावला. इअरफोन सापडत नव्हता, तसाच लावला. मोठ्याने. मी चुकले असेन तर कळू दे, नसेन तर तेही कळू दे. आई खाली स्वयंपाकघरात होती. मी बाहेर गेलेय असं तिला वाटत होतं.

जिना आला. टप्... सर्र. टप्... सर्र.

खालून तवा चढवल्याचा आवाज आला. मग भाकरी थापल्याचा. मग आई, दाराकडे तोंड करून:

"इलंस गो? हात धुव, भाकरी टाकलंय."

मी हातातला फोन छातीवर ठेवला. तो तिथे चालतच होता. टप्... सर्र. माझ्याच छातीवरून मी उतरत होते.

आई मला पोटमाळ्यावरून उतरताना बघून दचकली. मग फोनकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे. शेवंती तिचं नाव, नको तिथे बोलत नाही. भाकरी उलटली फक्त.

मी आयुष्यभर जे लपवलं, ते त्या माणसाने जगातल्या सगळ्यात सुंदर बाईच्या पायात घातलं होतं. आणि मी हजारो लोकांसमोर त्याला हसले होते. माझ्याच पायाला. सहा वर्षांचा तयार कान, आणि स्वतःचा आवाज ओळखला नाही.

दुसऱ्या दिवशी युनिटमधून अर्धी सुट्टी टाकून अंधेरी गाठली. स्टुडिओचं दार उघडं होतं. आत पडद्यावर तोच जिना, तीच मुलगी, आणि शहाबादीवर प्रबुद्ध, पैंजण बांधून, अलगद, फुलासारखा पाय टाकत.

मला बघून तो थांबला. पैंजण थोडे उशिरा थांबले.

"बदलायला सांगितलंय," तो म्हणाला. "तुझी रील दिग्दर्शकाने बघितली. बरोबर आहे म्हणाला. परवा नवा आवाज चढेल."

"मग मेसेज का नाही केलास?"

"काय लिहिणार? ती कोणाची पावलं आहेत हे तुला कळलं नाही... आणि मी सांगितलं असतं तर वाटलं असतं, चेष्टा केली." तो खाली बसला, पैंजण सोडायला लागला. गाठ सुटेना. "मुलुंडला तू पायऱ्यांवर येऊन बसलीस ना, तेव्हा मी पाठमोरा होतो. तुझा चेहरा नंतर बघितला. आधी पाय ऐकला. मी रोज दहा माणसं चालतो, तेजल. सगळी सारखी वाजतात. तुझ्यासारखं कोणी वाजत नाही. सहा महिने तुझ्यामागून चालून शिकलो मी ते."

म्हणून तो मागे राहायचा...

खोलीत इतकी शांतता, की गिळलेलंसुद्धा ऐकू जातं.

"एक सांगते," मी म्हटलं. "मत बदलणार नाही माझं. तिला तो आवाज नव्हता शोभत. काढलास ते बरं केलंस."

"मग आलीस कशाला?"

"माझा आहे तो. परत न्यायला आलेय."

त्याने वर बघितलं. मग हळूच, मान कलती करून हसला.

मी माझा फोन त्याच्या हातात दिला आणि रेकॉर्डिंग सुरू करायला सांगितलं. चपला काढल्या. शहाबादीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. पहिल्यांदाच उभी, पहिल्यांदाच पूर्ण दिसत. टप्... सर्र. मग कॅमेऱ्याकडे वळून एवढंच म्हटलं, की सहावा भाग रिजेक्टच आहे, पण पावलं रिजेक्ट म्हटली ते चुकलं. ती माझी आहेत. चुकीच्या बाईला लागली होती. लाल टोपलीतून मी आजवर काही परत काढलं नाही. हे काढतेय.

रील थोडी थरथरलेली आहे. तशीच टाकली.

संध्याकाळी असल्फाला मेट्रोतून उतरलो. पायऱ्यांशी त्याला म्हटलं, आज मागे राहायचं नाही. बरोबर चालायचं. तो चालला. माझ्या लयीत त्याला सहज जमत होतं, सहा महिन्यांचा रियाज होता. मग दहा-बारा पायऱ्यांनी मीच म्हटलं, तुझं तू चाल रे... मला तुझं ऐकायचंय. तो लाजला. स्वतःसारखं चालायची त्याला सवयच नव्हती. अडखळला, हसला, मग जमलं. संथ, जड, घरी येणाऱ्या माणसासारखं.

साठाव्या पायरीवर मी थांबले. कान दिला. वरून तव्याचा आवाज आला नाही.

वर गेलो तर आई दारातच उभी, पिठाचे हात तसेच. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"हा प्रबुद्ध," मी म्हटलं. "गोवंडीचा. आडनाव विचारायचं असेल तर त्याच्या तोंडावर आत्ता विचार, आई. मागून नको."

तो बाजूला ताठ उभा राहिला. खालच्या कुठल्यातरी घरात टीव्हीवर कुणीतरी रडत होतं, खोटं. आईने पिठाच्या हाताने कपाळावरची बट मागे सारली आणि आत वळली.

"आडनाव मगे इचारीन," आतून आवाज आला. "दोगांचे पाय वाजले म्हणान भाकरी टाकूक नाय. आधी सांग, ह्यो किती खाता?"