सक्तीचा पाऊण तास

लिस्बनच्या नदीकाठी, भुरभुर पावसात, एल्विरा एका अनोळखी माणसापुढे जगातल्या तमाम ड्रायव्हरांचा उद्धार करत होती. तो माणूस उभ्या बसला पाठ टेकून निवांत संत्रं सोलत होता.

“पावणेआठ वाजले! बस इथे, चव्वेचाळीस पोरं इथे, त्यांच्या बॅगा भिजतायत, आणि ड्रायव्हरचा पत्ता नाही. पडला असेल कुठेतरी घोरत!”

“असतात असे लोक,” तो म्हणाला. अर्धं संत्रं त्याने तिच्यापुढे धरलं. “घ्या. रिकाम्या पोटी राग बाधतो.”

पोट रिकामं होतं हे खरंच. तिने संत्रं घेतलं, खाल्लं, आणि ते इतकं गोड निघालं की तिला पुढचं वाक्यच सुचेना. मग आठ वाजले. त्या माणसाने सालं कागदात गुंडाळली, हात पुसले, खिशातून किल्ली काढली आणि बसचं दार उघडलं.

“तुम्ही?”

“दुआर्ते. तुमचा ड्रायव्हर.”

“मग मघापासून बोलला का नाहीत?”

“माझी विश्रांती आठपर्यंत होती, मॅडम. आठपर्यंत मी कोणाचाच ड्रायव्हर नव्हतो. नुसता संत्रं खाणारा माणूस होतो.”

एल्विराने कपाळावर हात मारला. या सहलीत तो हात वारंवार तिथेच जाणार होता.

एल्विरा झारागोझाची. तिथल्या एका लहानशा सहल कंपनीत ती गाइड म्हणून लागली होती, तीही कच्ची. ही सहल नीट पार पडली तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा मावशीच्या दुकानात चपला विकायच्या. ग्रुप फ्रान्समधल्या ओलोराँ गावच्या कॉलेजचा. पोरं विमानाने लिस्बनला आली होती. आता बसने सेव्हिल, ग्रानादा, वॅलेन्सिया, झारागोझा करत डोंगर ओलांडून त्यांना घरी सोडायचं होतं. सगळ्यात मोठी जोखीम होती ती ग्रानादाच्या अल्हांब्रा किल्ल्याची. तिथल्या राजमहालाचं तिकीट महिनोन् महिने आधी काढावं लागतं, आणि त्यावर वेळ छापलेली असते. ती वेळ चुकली की आत सोडत नाहीत, मग तुम्ही कोणी का असेना.

“सेव्हिलमध्ये काय वाट्टेल ते होऊ दे,” कंपनीच्या मालकीण रेमेदिओसबाई निघताना म्हणाल्या होत्या, “पण अल्हांब्रा चुकली तर परत येताना राजीनामा घेऊनच ये.”

आणि हा ड्रायव्हर! लिस्बन सोडून बस बरीच पुढे आली, सरहद्द मागे पडली, सेव्हिलचं जेवण एल्विराला डोळ्यांपुढे दिसायला लागलं, आणि याने बस चक्क एका उजाड पेट्रोल पंपावर वळवली. पंप, त्यामागे बाटल्यांची बुचं बनतात त्या झाडांची राई, राईत चरणारी काळी डुकरं. दुसरं काही म्हणजे काही नाही.

दुआर्तेने माइक हातात घेतला. “पंचेचाळीस मिनिटं!”

“कशाला?” एल्विरा किंचाळलीच.

त्याने डॅशबोर्डवरच्या यंत्राकडे बोट दाखवलं. “यात माझं कार्ड आहे. साडेचार तास चाक फिरलं की पाऊण तास थांबायचं. मी नाही म्हणत, कायदा म्हणतो. हे यंत्र सगळं लिहून ठेवतं. सासूपेक्षा कडक आहे.”

“तुम्हाला सासू आहे?” तिच्या तोंडून निसटलं.

“अजून नाही,” तो म्हणाला आणि खाली उतरून त्याने दोन घडीच्या खुर्च्या काढल्या. दोन! जणू ती बसणारच होती.

ती नाही बसली. फेऱ्या मारत घड्याळ बघत राहिली. पोरं मात्र राईत पांगली. कोणी डुकरांना फ्रेंच शिकवत होतं, कोणी झाडाची बुचाची साल ओरबाडायला गेलं आणि पंपावरच्या म्हातारीच्या शिव्या खाऊन आलं. त्यांच्या शिक्षिका, मादाम लार्तिग, तिथल्याच एका दगडावर बसून झकास झोपल्या. अखेर पाय दुखले तेव्हा एल्विरा खुर्चीच्या अगदी कडेला टेकली.

“पूर्ण बसलात तरी कायदा मोडत नाही,” दुआर्ते म्हणाला.

“तुम्ही नेहमी असंच बोलता?”

“नाही हो. एरवी शेजारची खुर्ची रिकामी असते.”

ती हसली नाही. निदान त्याला दिसेल असं तर नाहीच.

सेव्हिलपर्यंत पोरांना त्या शब्दाचं वेडच लागलं. सिग्नलला बस थांबली तरी मागून गजर व्हायचा, “पंचेचाळीस! पंचेचाळीस!” एल्विराला वैताग आला होता. आणि त्याहून वैताग याचा आला होता, की दुपारी एका पोराला बस लागली म्हणून थांबावं लागलं आणि खुर्च्या निघाल्या, तेव्हा ती न सांगता जाऊन बसली होती. पूर्ण बसली होती.

सेव्हिलच्या दुसऱ्या संध्याकाळी घोड्याने पेंड खाल्ली.

नदीपल्याडच्या एका छोट्या बारमध्ये गाणं होतं. ठरल्याप्रमाणे पोरं आली, ठरल्याप्रमाणे ऐकून निघायची होती. पण गास्पार नावाचा एक पोरगा, जो प्रत्येक ठिकाणी शेवटी यायचा आणि शेवटीच निघायचा, तो हात जोडून उभा राहिला. “एल्विरा, प्लीज, अजून एकच गाणं!”

दुआर्ते तिच्या शेजारी लिंबाचं सरबत घेऊन बसला होता. तो खाली वाकून हळूच म्हणाला, “आता उठलो नाही, तर सकाळी उशिरा निघावं लागेल. रात्रीची नऊ तास विश्रांती मला घ्यावीच लागते.”

तिने ऐकलं. पण गाणारी बाई डोळे मिटून असं काही गात होती, की सगळा बार मुठीत धरल्यासारखा गप्प होता. दुआर्तेची बोटं टेबलावर हलकेच ठेका धरत होती. त्याची बाही तिच्या बाहीला लागली होती आणि दोघांपैकी कोणीच हात मागे घेत नव्हतं...

“एकच,” ती गास्पारला म्हणाली.

एकाची पाच झाली. पोरांना हॉटेलवर पोचवून दुआर्तेने बस लावली तेव्हा साडेबारा वाजले होते.

सकाळी आठला एल्विरा बसच्या दारात उभी होती. “चला, निघू या.”

“साडेनऊला.”

“साडेनऊला निघालो तर महाल चुकेल!”

“रात्री सांगितलं होतं मी.”

“अहो, ते कार्ड काढून ठेवा ना थोडा वेळ! कार्डच नाही तर यंत्र लिहिणार काय? सगळे करतात.”

दुआर्तेने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू कुठेच नव्हतं. “सगळे करत असतील. माझ्या मागे चव्वेचाळीस पोरं बसतात, मॅडम. लोकांची. पेंगत चालवणार नाही, आणि चोरून तर नाहीच.”

“माझी नोकरी जाईल!”

“माहीत आहे.”

“माहीत आहे आणि तरी नाही?”

“तरी नाही.”

“मग बसा त्या यंत्राशी लग्न करून!” ती म्हणाली आणि पाय आपटत निघून गेली. हॉटेलच्या मागच्या अंगणात जाऊन ती रडली. चूक आपली आहे हे कळत असलं, की रडू जरा जास्तच येतं.

व्हायचं तेच झालं. महालाच्या दारावरच्या माणसाने तिकिटं पाहिली, घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. तिने विनवण्या केल्या, मादामनी फ्रेंचमधून आरडाओरडा केला, गास्पारने चक्कर आल्याचं सोंग केलं. माणूस हलला नाही. पोरांनी बागा पाहिल्या, तट पाहिले, मांजरं पाहिली. राजमहाल तेवढा राहिला. संध्याकाळी रेमेदिओसबाईंना मादामचा फोन गेला.

ग्रानादा ते वॅलेन्सिया एल्विरा त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. थांब्यावर दोन खुर्च्या निघायच्या. एक रिकामी राहायची. तो अर्धं संत्रं त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवायचा, आणि ते गास्पार खाऊन टाकायचा.

वॅलेन्सियाहून झारागोझाच्या वाटेवर, तेरुएलच्या माळावर, पुन्हा पंचेचाळीस मिनिटं आली. वारा असा सुटला होता की बसचं दार धरून ठेवावं लागत होतं. पोरं एका ढाब्यासारख्या खाणावळीत घुसली होती. बसमध्ये दोघंच. तो आपल्या सीटवर, ती पहिल्या रांगेत, मध्ये गप्प बसलेलं यंत्र. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“तुझी नोकरी वाचली, बाई,” पलीकडून रेमेदिओसबाई कडाडल्या. “त्या पोर्तुगीजाने स्वतःच फोन केला मला. गजर ऐकू आला नाही, नऊपर्यंत झोपून राहिलो म्हणाला. त्याच्या मालकाला कळवते आता. पुन्हा हा माणूस आमच्या गाडीवर नको!”

एल्विराने मान वळवून पाहिलं. दुआर्ते खिडकीबाहेर माळ बघत होता. त्या माळावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

तिची चूक याने परस्पर स्वतःवर घेतली होती! तिला त्याचा भयंकर राग आला. त्याहून भयंकर असं आणखी काहीतरी वाटलं, आणि ते रागासारखं मुळीच नव्हतं. चपलांचं दुकान तिच्या डोळ्यांपुढून गेलं. रबराच्या वासासकट गेलं.

“बाई,” ती फोनवर म्हणाली, “तो खोटं बोलतोय. तो सातला उठून बसला होता. आदल्या रात्री उशीर मी केला. त्याने बजावलं होतं, तरी पोरांना थांबवून ठेवलं.”

“का पण?”

“गाणं ऐकायचं होतं.”

“गाणं? तुला झारागोझात कधी गाणं ऐकायला गेलेलं मी पाहिलं नाही!”

एल्विराने डोळे मिटले. “शेजारी ड्रायव्हर बसला होता.”

दुआर्तेने माळ बघायचं सोडलं.

“हे देवा,” रेमेदिओसबाई म्हणाल्या. “एक म्हणतो मी झोपलो, दुसरी म्हणते मी भाळले. तुम्ही दोघं आधी ठरवा चूक कोणाची, आणि मग माझं डोकं खा! सोमवारी ये ऑफिसात. मी ओरडणार आहे. ओरडून झालं की पुढच्या ग्रुपचं बघू. आणि त्याच्या मालकाला मी काही कळवत नाही, झालं समाधान?” फोन आपटला.

एल्विराने पुढे बघायचं धाडस केलं नाही. पुढूनच आवाज आला.

“भाळले?”

“ते त्या म्हणाल्या. मी नाही.”

“बरं.”

“तुला कोणी सांगितला होता हा उपद्व्याप? एका यंत्राशी खोटं बोलत नाहीस, आणि माझ्या मालकिणीशी बोलतोस?”

“यंत्राशी खोटं बोलून पोरांचा जीव गेला असता. बाईंशी बोलून फक्त माझी कामं गेली असती.” त्याने उगीचच आरसा नीट केला. “आणि तू रडत होतीस. हॉटेलमागे. मला... ते बघवलं नाही.”

‘तू’ कधी सुरू झालं, कोणी केलं, दोघांनाही कळलं नाही. बाहेर मांडून ठेवलेली एक खुर्ची वाऱ्याने उडवली आणि दोघंही तिच्यामागे धावली.

ओलोराँला पोरं उतरली तेव्हा चौकात त्यांचे आईबाप गोळा झाले होते. मादाम लार्तिगनी जाहीर केलं की त्या तक्रार करणार आहेत, आणि मग एल्विराच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. एका आईने पोरीला विचारलं, सहलीत सगळ्यात काय आवडलं? एल्विरा कान देऊन उभी राहिली. सेव्हिलचं कॅथेड्रल तरी म्हणेल!

“डुकरं,” पोरगी म्हणाली. “पंपामागची.”

एल्विराने कपाळावर हात मारला. बसच्या दारात दुआर्ते पोट धरून हसत होता.

मग रिकामी बस डोंगर चढू लागली. मागे सगळ्या सीट मोकळ्या, कुठेतरी एक विसरलेला मोजा, आणि काचेवर बारीक पाऊस. ती गाइडच्या सीटवर बसली होती. सांगायला कोणी ग्रुप नव्हता, म्हणून ती काचेवरचे थेंब मोजत होती. बोगद्यातून बस स्पेनमध्ये शिरली, तसं पलीकडे लख्ख ऊन पडलेलं होतं.

“त्या रात्रीचं गाणं,” तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “मी एकही शब्द ऐकला नाही.”

“मीपण नाही.”

“पाच गाणी होती ना?”

“असतील.”

बस उतरत राहिली. झारागोझा जवळ येत होतं आणि तिला वाटत होतं, एखादा पंप यावा, कायदा आठवावा, काहीतरी होऊन हे चाक थांबावं. जे थांबे तिने घड्याळ बघत काढले होते, त्यातल्या एकासाठी आता तिचा जीव कासावीस झाला होता. पण रस्ता जवळचा. थांबायची गरजच पडली नाही.

नदीजवळच्या बसतळावर त्याने गाडी लावली. तिने बॅग उचलली. “मग... आता लिस्बन?”

“हं.”

“लांब आहे.”

“लांब आहे खरं.”

ती उतरली. वाऱ्यात केस सावरत उभी राहिली. रडायचं नाही, निदान हॉटेलमागे असल्यासारखं नाही. मागे इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं, तर दुआर्ते यंत्रातून कार्ड काढून खिशात ठेवत होता.

“पंचेचाळीस,” तो म्हणाला.

“आत्ता? दोनअडीच तास तर चालवलीस! उगीच कुठली पंचेचाळीस मिनिटं?”

“मिनिटं नाही. तास.”

“काय?”

“सहा दिवस चालवलं की पंचेचाळीस तास सलग विश्रांती. कायदाच आहे. कुठे घ्यायची ते मालकाला विचारलं, तो म्हणाला तुझ्या मर्जीने घे.” तो खाली उतरला. त्याच्या हातात दोन संत्री होती आणि कान लाल झाले होते. “मर्जी इथली आहे. तू हाकललंस तर बसमध्ये झोपेन. पण हाकलू नकोस, एल्विरा. मला तू फार आवडतेस. रागावलेलीसुद्धा. खरं म्हणजे रागावलेलीच जास्त पाहिलीय.”

तिचे डोळे भरून आले, आणि त्या माणसाने हे आधी का सांगितलं नाही म्हणून तिला संतापही आला. डोंगरापासून इथवर जीव टांगणीला लावून आणला होता त्याने!

“बोगद्यापाशी सांगायला काय झालं होतं?”

“गाडी चालवताना असलं बोलू नये. लक्ष उडतं.”

एल्विराचा हात कपाळाकडे निघाला होता. तो अर्ध्यातच वळला आणि त्याच्या हातात गेला. संत्री बसखाली घरंगळली. कोणी उचलायला वाकलं नाही.

“चल,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “आई जेवायला थांबलीय माझ्यासाठी. एक ताट वाढवेल. पण आधीच सांगून ठेवते, ती तुझ्या यंत्रापेक्षा कडक आहे.”