कोऱ्या चहाचे सुतक

मस्तगडच्या चौकात हिवाळ्यातील धुके अजून पुरते विरले नव्हते. राजनंदिनीने टपरीवर कोरा चहा मागितला आणि गरम ग्लास रुमालात धरून ती बसची वाट पाहू लागली. शेजारी उभ्या असलेल्या तरुणाने त्या ग्लासाकडे पाहिले आणि आदराने मान खाली घातली.

"वाईट झालं... कोण गेलं घरातलं?"

"गेलं? कोण?"

"न्हाई, कोरा चहा घेऊन राह्यलात म्हणून विचारलं. आमच्यात तो फक्त सुतकात पितात. एरवी घरच्या म्हशींचं दूध असतं."

ती इतकी हसली, की चहा रुमालावर सांडला. "आमच्यात दूध डेअरीला जातं आन घरच्यांला गवती चहा टाकलेला कोरा मिळतो. सगळे ठणठणीत आहेत!"

तो रामप्रसाद; तंत्रनिकेतनातील शिक्षक. तो कानापर्यंत लाल झाला आणि भरपाई म्हणून त्यानेही कोराच चहा मागवला. पहिल्या घोटाला त्याच्या भुवया किंचित आखडल्या.

"आवडला?"

"लई आवडला!"

पुढे दोघांनाही बस चुकवण्याची सवय जडली. ती माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत उशिरा पोहोचू लागली, तो वर्गावर.

"तुमच्या घरच्या म्हशी रागावत असतील," ती एकदा म्हणाली.

"त्यांला अजून सांगितलं न्हाई. आईलाबी न्हाई."

"मंग... कधी सांगणार?"

"रविवारी. आईला घेऊनच येतो तुमच्याकडं — चहाला." तो थांबला. "आन तुला मागायला."

तिने रिकामा ग्लास उगाच पुन्हा ओठांना लावला.

रविवारी कुंभार पिंपळगावला राजनंदिनीच्या घरच्या ओसरीवर रामप्रसादची आई, पुष्पाबाई, येऊन बसल्या. त्या दिवशी घरचे दूध डेअरीला गेले नव्हते. सर्वांसाठी दुधाचा चहा झाला. रामप्रसादचा एक कप मात्र राजनंदिनीने हौसेने कोरा ठेवला.

तो कप पाहताच पुष्पाबाईंनी आपली बशी खाली ठेवली आणि त्या उठल्या.

"सोयरीक जुळायच्या दिवशी माझ्या लेकाच्या हातात सुतकाचा चहा? ऊठ रामा. जाऊ आपण."

काय होऊन बसले, ते राजनंदिनीला आता उमगले.

रामप्रसाद उठला नाही. त्याने तो कप शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला.

"आई, मी रोज हाच पितो. हिच्यासंगं."

"तू?" पुष्पाबाई थबकल्या. "साय गाळली म्हणून कप भिंतीवर फेकणारा तू? अजूनबी वाटीभर साय लागती तुला! माझ्याकडं बघून सांग, आवडतो हा?"

राजनंदिनीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. भुवया आजही आखडलेल्याच होत्या.

"न्हाई आवडत," तो हळूच म्हणाला. "कधीच न्हाई आवडला. पण तो संपेस्तोवर ही शेजारी उभी राहायची..."

"येडा कुठला," राजनंदिनी पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते.

पुष्पाबाई लेकाकडे पाहत पुन्हा सतरंजीवर टेकल्या.

"पोरी, दूध शिल्लक हाय ना? मंग कर त्याला साईचा. तू तुझा कोरा पी बाई... आपल्या घरात दोन पातेली चढवू."