रबर लावलेली पानं

सिडकोतल्या आमच्या छोट्या वाचनालयात मी रोज चार वाजता मुलांचा वाचनवर्ग घेते. शाळेतून निवृत्त झाले, पण सवय सुटली नाही. माझा एकच नियम: गोष्टीत पुढं डोकावायचं नाही. न वाचलेल्या पानांना मी रबर लावून ठेवते. मुलं कुरकुरतात, म्हणून मग स्वतःच्या पुस्तकालाही लावते.

मे महिन्यात ग्रंथपाल पुंजारामनं एक कादंबरी पुढं केली. "घ्या बाई. नटनट्यांचं नावाजलेलं खानदान, समुद्रावर सुट्टी अन् नुसती भांडणं. डोक्याला ताप नाय."

"मास्तरणीला शोभेल का रे?"

"उन्हाळ्यात समदं शोभतं!"

घरी खाकी कव्हर घालताना शिवणीतून बारीक वाळू पडली. कुणीतरी कादंबरी खरंच समुद्रावर नेली असेल, असं म्हणत ती झटकली.

तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दुपारी एक पान आलं. थोरली बहीण आईची पैठणी मधोमध कापते आणि पदराचा भाग स्वतःकडं ठेवते. कात्रीच्या मुठीला लाल दोरा.

मी पुस्तक मिटलं.

तो दोरा मी बांधला होता, शाळेची कात्री हरवू नये म्हणून. आई गेल्यावर पैठणच्या घरी, दार लावून, मी तिची पैठणी कापली, तेव्हा समोर फक्त धाकटी मंजुषा होती. त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. म्हणजे हिनंच कुणाला तरी सांगितलं. मला जगापुढं चोर ठरवलं.

छापल्याचं वर्ष पाहिलं. चौदा वर्षांपूर्वीचं.

छापखान्याची चूक असेल, मी मनाशी म्हटलं आणि मंजूला फोन लावला.

"ताई? खरंच तू?" मागं वारा घोंगावत होता.

"पैठणीचं कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? लाज काय फक्त तुलाच हाय व्हय?" ती हसली. मग तिचा आवाज भरून आला. "लई वाट पाहिली गं तुझ्या फोनची. सुनेसंगं कोकणात आलेय. तुला घरी... थांब, आवाज तुटतोय. जरा पुढं जाते."

वारा वाढला. माझा हात पुस्तकाकडं गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी पुढच्या पानांचं रबर वेळेआधी काढलं.

'थांब, आवाज तुटतोय,' धाकटी फोनवर म्हणाली. 'जरा पुढं जाते.' तिनं शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवला.

"मंजू, मागं फिर!"

खालची ओळ होती: 'मागं फिर!' थोरली ओरडली.

फोनमध्ये आता नुसत्या लाटा होत्या.

मी पान उलटायला गेले. उलटेना. पुढची सगळी पानं एकमेकांना चिकटली होती. सवयीनं बोट जिभेला लावलं.

खारट लागलं.