अख्खं पान

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला झाड नकोच होतं. लोधिवलीला आमच्या नर्सरीशेजारी पंक्चरचं दुकान आहे, तिथं त्याची स्कूटर अडकली होती. आषाढ पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. वेळ जाईना म्हणून तो हिरव्या जाळीखाली शिरला आणि हात पाठीमागे बांधून कुंड्यांच्या ओळींतून फिरू लागला, तपासणीला आलेल्या साहेबासारखा.

"हे कसलं झाड?"

"मॉन्स्टेरा. दूरदेशीच्या पावसाळी रानातलं."

"त्याची पानं फाटकी असतात ना? ही तर अख्खी आहेत."

"लहान आहे अजून. मोठं झालं की फाटतात."

"म्हणजे वाट बघायची?"

"झाड घेतलं की वाट बघावीच लागते," मी म्हटलं.

त्यानं झाड घेतलं. नाव प्रबुद्ध, कर्जतला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, सोमवारी सुट्टी. हे सगळं त्यानं मी न विचारताच सांगितलं.

पुढच्या सोमवारी तो फोटो दाखवायला आला. त्याच्या पुढच्या सोमवारी, पाणी किती घालायचं ते विचारायला. मग पुन्हा... पाणी किती घालायचं तेच विचारायला. माझ्या लहानपणापासून आमच्याकडे कामाला असलेल्या इंदूबाई माती कालवता कालवता म्हणाल्या, "चार पानांसाठी कुनी कर्जतवरनं येतं व्हय गं? तुला कळत नाय का कळून घ्यायचं नाय?"

मला कळत होतं. फक्त ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

पाचव्या सोमवारी निघताना तो हेल्मेट उगाच पुसत राहिला. "दीप्ती, पहिलं फाटकं पान आलं ना... की तुम्हाला एक विचारायचंय."

"आत्ताच विचारा की."

"नको. मला धीर यायला काहीतरी खूण लागते."

त्या दिवशी मी एकाच ओळीला दोनदा पाणी घातलं.

सहाव्या सोमवारी तो कुंडीच घेऊन आला, स्कूटरवर पायांमध्ये सांभाळून. नवं पान येत होतं. मी वाकून बघितलं आणि तशीच राहिले. कोवळं पान एका पातळ गुलाबी पापुद्र्यातून बाहेर येत होतं. मॉन्स्टेराचं नवं पान आधीच्या पानाच्या देठातून गुंडाळलेलं निघतं, त्याला असलं आवरण नसतं. हे फिलोडेंड्रॉन होतं, लहानपणी मॉन्स्टेरासारखंच दिसणारं. ते हातभर वाढलं असतं तरी त्याचं पान फाटणार नव्हतं.

चूक माझीच. आमच्याकडे प्रत्येक कुंडीला नावाची पट्टी नसते, ओळीच्या टोकाला एकच असते. एखादी कुंडी विकली गेली की ओळीत फट पडते, आणि ती मला बघवत नाही. मीच कधीतरी शेजारच्या ओळीतली कुंडी उचलून तिथं बसवली असणार.

"ठीक आहे ना?" त्यानं विचारलं.

"हो... ठीक आहे."

पान फाटणार नाही म्हणजे तो प्रश्नही येणार नाही. एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. आधी सगळे मिळून पंचशील म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आलं की माझा आवाज बारीक व्हायचा. आई विचारायची, "घसा बसलाय का गं?" मी मान डोलवायची, म्हणजे तेही खोटंच.

असे चार सोमवार गेले. शेवटी मी फाटक्या पानाचा खराखुरा मॉन्स्टेरा काढून ठेवला. दोन दिवस सावलीत ठेवते म्हणून प्रबुद्धकडून कुंडी मागून घ्यायची आणि आतलं झाड बदलायचं, असं ठरवलं. डोळे तपासणाऱ्याला एवढं कुठलं कळायला? पण तो समोर येऊन बसला आणि म्हणाला, "अजून अख्खंच आहे हो. बहुतेक मलाच घाई झालीये," आणि माझ्याच्यानं ते होईना.

"ते फाटणार नाही, प्रबुद्ध. कधीच नाही. मी तुम्हाला चुकीचं झाड दिलं."

मी सगळं सांगितलं. फट, पापुद्रा, सगळं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तुम्ही कुंडी आणलीत तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही यायचं थांबाल म्हणून," मी म्हटलं. कान तापले होते, पण तोंडातून निघून गेलं होतं.

त्यानं बाजूला ठेवलेलं हेल्मेट उचललं. रागावून निघालाच असं मला वाटलं. मग त्यानं हात पुढे केला. "एक कोरी पट्टी द्या. आणि खरं नाव लिहून द्या."

मी लिहिलं. फिलोडेंड्रॉन. त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं, पट्टी उलटी केली आणि मागच्या बाजूला काहीतरी लिहून माझ्यासमोर धरली.

'अश्विन पौर्णिमेला तुमच्या विहारात येऊ का? सोबत आई असेल.'

"काय लिवलंय त्यानं?" ओळीच्या पार त्या टोकावरून इंदूबाईंनी विचारलं.

मी त्याच्याकडे बघून "या" म्हटलं, आणि ते इतकं मोठ्यानं निघालं की इंदूबाई हातातली माती तशीच टाकून हसायला लागल्या.