घंटी नसलेली सायकल

एकोणीसशे बासष्ट साल, होळीनंतरचा दुसरा बाजार. महाराष्ट्र राज्याला उणीपुरी दोन वर्षं झाली होती. खामगाव-मलकापूर रस्त्यावरच्या निंबारी गावात दुपारी तीनच्या सुमाराला अन्नपूर्णाबाईंची किंकाळी उठली.

"माही एकदाणी गेली वं माय!"

अन्नपूर्णाबाई महादेवराव पाटलांच्या घरच्या. सासूने दिलेली सोन्याच्या मण्यांची एकदाणी मानेमागून दोरा कापून गेली होती, केव्हा ते त्यांना कळलंही नव्हतं. सलग तीन बाजारांतली ही तिसरी चोरी.

चौकी तिथून हाकेच्या अंतरावर. पण फौजदार हिंमतरावांना हलायला सवड नव्हती. ते सायकली पकडत होते.

त्या काळी सायकलीचा मान मोठा. नवी आणली की लोक तिला झेंडूचा हार घालून मारुतीपुढे नेत. फौजदारांचंही तिच्यावर प्रेम होतं, पण वेगळ्या कारणाने. दर महिन्याला जिल्ह्याला केसेसचा आकडा कळवावा लागे. चोर धरायचा तर धावावं लागतं. सायकल आपल्या पायाने चालत येते. म्हणून बाजाराच्या दिवशी चौकीपुढे दोरी ताणली जाई. घंटी नाही? ब्रेक नाही? मागे बायको बसवली? सायकल चौकीच्या आवारात. दंड भरून दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायची. गाव आता शहाणं झालं होतं. दोरीच्या अलीकडच्या निंबापाशीच उतरून लोक कापसाच्या जिनिंगच्या बोळातून सायकल हाताने काढत.

दोरीच्या अगदी समोर सोजराबाई माळणीची भाजीची टोपली. नवरा गेल्यापासून ती आणि तिचा धाकटा भाऊ कडूबा, दोघं मिळून मळा करीत. कडूबाचं देऊळघाटच्या शालूशी लग्न ठरलेलं. पंधरा दिवसांवर हळद होती.

किंकाळी उठली तेव्हा सोजराबाई शिपाई मोतीरामाची गंमत बघत होती. मोतीराम शेषराव दलालाची सायकल आवारात ओढत नेत होता. शेषराव कापसाचा दलाल, धोतर बगळ्यासारखं.

"घंटी नाही ना राव तुमच्या सायकलले," मोतीराम म्हणाला.

"घ्या की मग. कायदा म्हणजे कायदा." शेषराव हसला.

हँडलवर मुठीशेजारी एक गोल पट्टा चकचकीत होता, बाकी हँडल धुळीने माखलेलं. उंबऱ्यावर सायकल आदळली आणि आत काहीतरी खुळखुळलं.

"चाकाचे छर्रे सुटलेत वाट्टे," मोतीराम म्हणाला आणि तिला भिंतीला टेकवून आला.

तेवढ्यात गर्दी कडूबाला बखोटीला धरून घेऊन आली. त्याच्या मुठीत सोन्याचा एक मणी होता. फौजदारांनी वहीतून मान वर केली नाही.

"नाव?"

"कडूबा."

"मणी कुठला?"

"पायापाशी पडला व्हता सायेब. कोनाचा हाय म्हून इचारत व्हतो."

"चोर विचारतो का बे, कोणाचा आहे म्हणून?"

"नाही इचारत सायेब. म्हून तं मी इचारलं."

लोक हसले. फौजदार हसले नाहीत. कडूबाची झडती झाली. निघाली तंबाखूची चंची.

"बाकीचे मणी कुठं टाकलेस?"

"मले काय ठावं?"

"उद्या मलकापूरच्या कोर्टात ठावं होईल. मोतीराम, याला आत घे. पुढची सायकल!"

बेड्या घालून मलकापूरला नेलेल्या पोराला देऊळघाटचे लोक मुलगी देणार होते थोडीच! सोजराबाई पदर खोचून दोरीखालून सरळ आत शिरली.

"सायेब, मले काही इचारायचं हाय."

"बाई, मला काम आहे."

"दिसून राह्यलं. सकाळपासून अकरा सायकली धरल्या, चोर एक नाही."

गर्दीत खसखस पिकली. फौजदारांनी पहिल्यांदाच मान वर केली. शेषराव पावती घेऊन निघण्याच्या बेतात होता. सोजराबाई त्याच्याकडे वळली.

"दलाल, तुमची घंटी कुठं गेली?"

"नाहीच आहे."

"काल तं व्हती. काल सकाळी कानापाशी वाजवली अन् म्हनले, टोपली आत घे, रस्ता तुह्या बापाचा नाही."

"पडली असेल रस्त्यात."

"बरं. लोक निंबापाशी उतरून बोळातून जातात. तुम्ही बिनघंटीचे सरळ दोरीवर काऊन आले?"

शेषरावाने खांदे उडवले. "मी कायदा पाळणारा माणूस आहे."

"मांगच्या दोन्ही बाजाराले एकदाणी गेली, अन् दोन्ही बाजाराले तुमची सायकल इथंच व्हती. घंटीसाठीच. सायेब, वही पाहा. त्यात तेवढंच तं लेहून ठेवता तुम्ही."

फौजदारांनी पानं उलटली. त्यांचा चेहरा उतरला.

"आता आयका," सोजराबाई म्हणाली. "चोरी झाली की लोक मोटार अड्ड्यावर सगळ्यायची झडती घेतात. पहिल्या खेपेले दलालाची बी घेतली, काही निघालं नाही. निघन कसं? माल सायकलीत, अन् सायकल पोलिसाच्या आवारात! बाजाराच्या दिवशी हा घरूनच घंटी काढून येते. हँडलवर पाहा, घंटीची जागा अजून चकचकीत हाय. पडली असती तं घासल्याची खूण राहिली असती. ही पान्ह्यानं खोलली हाय. गर्दीत सायकल हातानं धरून चालते, पात्यानं दोरा कापते. मणी हँडलच्या नळीत, वरून रबराची मूठ. मंग तुमच्याकडं येऊन म्हनते, धरा मले. रातभर मोतीराम पहारा देते, सकाळी हा दंड भरून सोनं घेऊन जाते. आज दोरा तुटताना एक मणी खाली पडला, तो माह्या भावानं उचलला. बाकीचे मंघाशी उंबऱ्यावर खुळखुळले. मोतीरामले ते छर्रे वाटले."

शेषराव दोन पावलं मागे सरला. मागे दोरी होती. सायकलींसाठी ताणलेली ती दोरी त्या दिवशी पहिल्यांदा चोर धरायच्या कामी आली. शेषराव तिच्यात पाय अडकून उताणा पडला.

मोतीरामाने मूठ उपटली, सायकल उलटी केली. अन्नपूर्णाबाईंची एकदाणी चौकीच्या फरशीवर मणी मणी होऊन घरंगळली.

शेषरावाला अडीच वर्षांची कैद झाली. सुटल्यावर तो या बाजूला फिरकला नाही. अन्नपूर्णाबाईंनी एकदाणी पुन्हा ओवली, पण बाजाराला जाताना घरीच ठेवू लागल्या. मोतीराम हवालदार होऊन निवृत्त झाला. छर्ऱ्यांची आठवण काढली की चिडायचा. हिंमतरावांचा सत्कार झाला. बिनघंटीची सायकल दक्षतेने पकडून गुन्हा उघडकीस आणला, असा कागद आला. मग दर सायकलीच्या मुठी उपटून बघायचा हुकूम निघाला. निंबारीतले पाकीटमार मात्र पायीच हिंडत.

सोजराबाईला पुढच्या बाजारी रहदारीला अडथळा म्हणून दंड झाला. तिने तो भरला, आणि टोपली होती तिथेच ठेवली.

कडूबाची हळद ठरल्या दिवशी झाली. दहा वर्षांनी त्याने सायकल घेतली तेव्हा तिला दोन घंट्या बसवल्या. लोक विचारत, "दोन काऊन बे?"

"एक वाजवाले," कडूबा म्हणे, "अन् एक पोलिसाले दाखवाले."